पुढच्या दाराच्या पायऱ्या

लवंगीच्या नाकावर राग असतो, असं तिच्याबरोबर काम करणारे म्हणत. नाकावरचा राग परवडला, तो एका शिंकेत उडून जातो. लवंगीचा राग घरातल्या माणसासारखा होता. सकाळी तिच्याबरोबर उठायचा, तिच्याबरोबर चहा घ्यायचा आणि तिच्याबरोबर कामावर यायचा. बाई अंगाने किडकिडीत, उंचीने बेताची, पन्नाशी उलटलेली; पण तोंड उघडलं की समोरच्याच्या डोळ्यांत पाणी. म्हणून ती लवंगी. खरं नाव पगाराच्या कागदापुरतं होतं, आणि घरी आई नुसतं ‘अगं’ म्हणायची.

ती पत्ते वाटायची. हौसेने नव्हे, पोटासाठी. समुद्राकाठच्या त्या शहरात एके काळी परक्या साहेबांचं राज्य होतं. साहेब गेले आणि मागे ठेवून गेले रुंद रस्ते, बंद पडलेलं कारंजं, घोड्यावर बसलेल्या कुणा सरदाराचा पुतळा आणि टेकाडावरचा पांढरा क्लब. त्या क्लबाचा पुढे कॅसिनो झाला. मग त्याचं बघून खाली बंदराजवळ आणखी कॅसिनो उभे राहिले, काचेचे आणि झगमगीत. आता लोक दोन-तीन दिवसांच्या सुट्टीवर येत, पुतळ्यापुढे उभं राहून फोटो काढत आणि उरलेली सुट्टी खिडक्या नसलेल्या खोल्यांत घालवत. समुद्र बिचारा बाहेर आपला एकटाच.

लवंगी टेकाडावरच्या जुन्या कॅसिनोत, ‘एकवीस’ नावाच्या पत्त्यांच्या खेळाच्या टेबलावर होती. तिथल्या गणवेशाला खिसे नसत. शिंपी विसरला होता असं नाही. पत्ते वाटणाऱ्याच्या अंगावर काही लपवायला जागाच राहू नये, म्हणून. मनगटावर घड्याळ नाही. भिंतीवरही नाही, कारण किती वाजले ते कळलं तर खेळणारा उठून जाईल. आणि टेबल सोडताना तर रीतच ठरलेली होती. दोन्ही हात टेबलावर पुढे धरायचे, एकदा टाळी वाजवायची, तळवे उताणे करून दाखवायचे, मग पालथे करून दाखवायचे. छतातला कॅमेरा ते बघतो. मगच मागे सरायचं आणि जागा दुसऱ्याला द्यायची.

वर्षानुवर्षं हेच केल्यावर ते हातांत मुरणारच. घरी स्वयंपाक उरकून ओट्यापासून मागे सरताना लवंगी टाळी वाजवून तळवे दाखवायची. आईला औषध पाजून पलंगावरून उठताना तेच. आईला हसू यायचं.

“अगं, कुणाला हात दाखवतेस? मी काय तुला चोर म्हणते का?”

“आई, त्याचा अर्थ असा, की इथलं मी काही उचललेलं नाही, आणि आता माझा इथे काही संबंध उरला नाही.”

“मग ते पातेल्याला कशाला सांगतेस? पातेल्याशी तुझा जन्मभर संबंध आहे.”

म्हातारीचं तोंड काही कमी नव्हतं. लवंगी आभाळातून पडली नव्हती.

आईने आयुष्य काढलं ते टेकाडावरच्या त्याच इमारतीत. साहेबांच्या वेळी क्लबाच्या दर्शनी दाराला दगडाच्या पांढऱ्याशुभ्र पायऱ्या होत्या, अजूनही आहेत. त्या रोज सकाळी घासायचं काम तिच्याकडे होतं. घासण्याची पद्धत अशी, की वरून सुरुवात करायची, म्हणजे घाण पाणी धुतलेल्या पायरीवर येत नाही. म्हणून ती मागच्या गल्लीतून, कचऱ्याच्या पिंपांजवळच्या दारातून आत यायची, स्वयंपाकघर ओलांडून पुढच्या दाराशी पोचायची, गुडघे टेकायची आणि ब्रश घेऊन उलटी उलटी खाली सरकत यायची. शेवटची पायरी झाली की बादली उचलून सगळ्या इमारतीला वळसा घालून पुन्हा मागच्या दाराने आत. धुतलेल्या पायऱ्यांवर पाय ठेवायची तिला परवानगी नव्हती. त्या पायऱ्या ती रोज उतरली, तेही गुडघ्यांवर. चढली मात्र एकदाही नाही.

साहेब गेले तेव्हा तिला वाटलं होतं, आता काय, आपलंच राज्य. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तो असा. नव्या मालकांनी क्लबाची पाटी काढली, भिंती रंगवल्या, छताला झुंबरं टांगली. पण नोकरांनी मागच्या दाराने यायचं हा नियम तसाच ठेवला. पुढचं दार नोकरांसाठी नाही, सुट्टीच्या दिवशीसुद्धा नाही. पुढे लवंगी तिथेच कामाला लागली आणि त्याच पिंपांशेजारून आत जाऊ लागली. आईने ज्या दाराला आयुष्य वाहिलं, लेकीनेही त्याच दाराला वाहायचं? हे आठवलं की लवंगीच्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि ते तिला रोज सकाळी दार ढकलताना आठवायचं.

म्हातारीची एकच इच्छा राहिली होती. त्या पायऱ्या एकदा चढायच्या, उभ्याने, पायांत बूट घालून. आणि चढायच्या त्या मुलाच्या हाताला धरून. मुलगा लहान असताना त्याने तिला तसं कबूल केलं होतं: “मी मोठा झालो ना आई, की तुला पुढच्या दाराने नेईन.” सात-आठ वर्षांच्या पोराचं बोलणं ते. पण आईने ते गाठीला बांधून ठेवलं होतं.

त्या मुलाला घरात ‘बाळ’ म्हणत. बाळ आता पन्नाशीला टेकला होता. लवंगीचा हा पाठचा भाऊ लांबच्या मोठ्या शहरात विमा कंपनीत वरच्या हुद्द्यावर होता, आणि आईच्या लेखी त्याच्यासारखा मुलगा भूतलावर नव्हता. आईच्या वाढदिवसाला फोन करायचा. थंडीत एक शाल पाठवायचा, नेमकी मागच्या वर्षीसारखीच. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगाच नाही. जवळच्या डोंगरावर दगड दिसतात, काटे दिसतात, आणि आंघोळ घालताना म्हातारीने कुरकुर केली की तो डोंगर ओरडतोही. आईला शालीचं कौतुक होतं. ती खांद्यावर कोण पांघरवतं याचं नव्हतं. लवंगीला हे कळत होतं, आणि कळूनही दर वेळी झोंबत होतं.

तर या बाळचा फोन आला. कंपनीने चांगल्या कामाबद्दल निवडक लोकांना तीन दिवसांची सहल बक्षीस दिली होती आणि सहल नेमकी याच शहरात होती. सगळे उतरणार कुठे, तर टेकाडावरच्या जुन्या कॅसिनोच्या हॉटेलात. आता बोला.

“आई, या वेळी तुला पुढच्या दाराने नेतो,” तो फोनवर म्हणाला. आईने फोन ठेवला आणि त्या दिवसापासून तिची तयारी सुरू झाली. ठेवणीतले कपडे बाहेर काढून उन्हात घातले. नवे बूट आणवले. खोलीतल्या खोलीत, पलंगाचा कठडा धरून, उंबऱ्यावर पाय ठेवायचा आणि खाली घ्यायचा असा सराव केला. पायऱ्या घासून घासून तिचे गुडघे केव्हाच कामातून गेले होते. एकेकदा पाय उचलताना तिचा ओठ दाताखाली जायचा.

“आई, उगाच जिवाला त्रास,” लवंगी म्हणायची.

“त्याच्या हाताला धरल्यावर मला काही होणार नाही.”

“आणि रोज कुणाच्या हाताला धरून न्हाणीत जातेस?”

“तू आहेसच गं,” आई म्हणायची. तिला खरंच वाटायचं, की यात काही लागण्यासारखं नाही.

बाळ आला त्या दिवशी त्याचा फोन आला, प्रवासाने फार दमलोय. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बोटीतून फिरायला नेलं. तिसरा दिवस शेवटचा. त्या सकाळी त्याने सांगितलं की दुपारपर्यंत महत्त्वाची बैठक आहे, ती उरकली की लगेच गाडी घेऊन येतो, आईला तयार ठेव.

“बैठक? सहलीत?” लवंगीने विचारलं.

“ताई, तुला नाही कळायचं आमच्याकडचं,” तो म्हणाला.

लवंगी कामावर निघण्याआधी आईला तयार करून गेली. केस विंचरले, कोटाची बटणं लावली, सुजलेले पाय नव्या बुटांत घातले आणि नाड्या बांधल्या. म्हातारी खिडकीजवळच्या खुर्चीत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली.

“शेजारीण मधूनमधून डोकावेल. बूट काढू नकोस, तुला परत घालता यायचे नाहीत.”

“काढतेय कशाला? येईलच तो. आणि तू तोंड वाकडं करू नकोस, चांगल्या दिवशी.”

लवंगीने टाळी वाजवली, तळवे दाखवले, आणि निघाली.

कॅसिनोत पत्ते वाटणारे एका टेबलावर फार वेळ राहत नाहीत. त्यांची बदली होत राहते, म्हणजे कुणाशी जवळीक होत नाही. दुपारी लवंगीची बदली मधल्या टेबलावर लागली. आधीच्या माणसाने टाळी वाजवून हात दाखवले आणि तो बाजूला झाला. लवंगी त्याच्या जागी उभी राहिली, तिने पत्त्यांच्या पेटीवर हात ठेवला आणि मान वर केली. समोर बाळ बसला होता.

केस काळेभोर केलेले, छातीवर कंपनीचा बिल्ला, हाताशी पेला. दोन्ही बाजूंना तसेच बिल्ले लावलेले त्याचे लोक आणि शेजारी एक वयस्क, नीटनेटकी बाई. ज्या अर्थी सगळे तिला ‘मॅडम’ म्हणत होते त्या अर्थी ती बाळची साहेबीण असणार. ही ती महत्त्वाची बैठक!

बाळनेही तिला पाहिलं. दोघांची नजर भेटली, त्यात शंका नको. मग त्याने डोळे खाली घेतले आणि आपल्या पुढ्यातल्या, पैशांऐवजी लावायच्या रंगीत चिप्स उगाच सारख्या करू लागला.

इथे एक नियम आहे, आणि तो पहिल्या दिवशीच घोकून घेतात. टेबलावर आपला नातलग दिसला, तर एकही पत्ता न वाटता हात वर करायचा आणि देखरेख करणाऱ्याला सांगायचं. नाहीतर संगनमत समजलं जातं आणि नोकरी जाते. लवंगीचा हात पेटीवर होता. तो वर करायचा एवढंच. पण तिला वाटलं, याने आधी बोलावं. ‘ताई’ म्हणावं. एकदाच म्हणावं, मग मी हात वर करते, हा हसत उठेल, मी सांगेन की म्हातारी बूट घालून बसलीय, जा लवकर.

बोलली ती साहेबीण, आणि चांगल्या मनाने बोलली. “तुम्हाला माहीत आहे का,” ती लवंगीला म्हणाली, “हे आमचे साहेब याच शहरातले. यांच्या आई रोज सकाळी या क्लबात यायच्या म्हणे, जुन्या काळी. त्या वेळी इथे येणं म्हणजे केवढी मोठी गोष्ट!”

बाळ पेल्यात बघत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लहानपणी खोटं बोलला की अशाच व्हायच्या. पण हे खोटं तरी कुठे होतं? आई रोज सकाळी यायची. पावसातही यायची, तापातही यायची. यानं फक्त बादली तेवढी वगळली होती, आणि ब्रश, आणि गुडघे.

“हो का?” लवंगी म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. “कोणत्या दाराने यायच्या?”

 साहेबीण गोंधळून हसली. बाळने मान वर केली आणि लवंगीच्या कपाळावरून पलीकडे कुठेतरी बघत तो म्हणाला, “बाई, पत्ते वाटा.”

बाई.

आणि लवंगीने वाटले! याचा राग तिला पुढे सगळ्यात जास्त आला. डोकं बधिर झालं आणि हात मात्र चालत राहिले, कारण ‘वाटा’ म्हटलं की वाटायचं हेच ते हात जन्मभर शिकले होते. पेटीतून पत्ता निघाला, कापडावरून सरकला, एकापुढे गेला, पुढचा त्याच्या शेजारच्यापुढे. मग एक पत्ता बाळच्या पुढ्यात पडला आणि तेव्हा तिला कळलं की आपण काय करून बसलो. तिने हात वर केला.

देखरेख करणाऱ्याला सगळे पाठीमागे ‘मुकादम’ म्हणत. माणूस वाईट नव्हता, फक्त वरच्यांना घाबरून असायचा. तो लगबगीने आला.

“या टेबलावर माझा भाऊ बसलाय,” लवंगी म्हणाली. “सख्खा. हा इथे, मधोमध.”

मुकादमाने वाटलेल्या पत्त्यांकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. मग तो बाळकडे वळला. “माफ करा साहेब, विचारावं लागतं. या आपल्या भगिनी का?”

बाळ हसला. फार सुरेख हसला, विमा विकणाऱ्याने हसावं तसा. “बाईंना कुणाचा तरी भास झालेला दिसतोय. होतं असं. दिवसभर इतके चेहरे बघायचे म्हणजे...”

त्याने ‘नाही’ म्हटलं नाही. तो कधीच ‘नाही’ म्हणायचा नाही. लवंगीला त्या क्षणी कळलं की हा माणूस चारचौघांत धडधडीत खोटं असं कधी बोलतच नाही, आणि म्हणूनच त्याच्याइतका खोटा माणूस तिने पाहिला नाही. तिला ओरडायचं होतं. आईचं नाव, वडिलांचं नाव, त्याच्या पाठीवरच्या डागाची जागा, सगळं त्या झुंबरांखाली ओरडून सांगायचं होतं. पण मुकादम तिच्या कोपराला हात लावून हळूच म्हणत होता, “पत्ते वाटल्यावर सांगतेस? आता मी काय करू? घरी जा आज. उद्या वरचे काय म्हणतात ते बघू.”

लवंगीने टाळी वाजवली. ती इतकी जोरात वाजली की शेजारच्या दोन टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. तळवे उताणे, तळवे पालथे. मग ती मागच्या दाराने, पिंपांशेजारून बाहेर पडली.

घरी म्हातारी खुर्चीतच होती. कोटाचं एक बटणही उघडलेलं नव्हतं. “आला का?” तिने दार वाजल्याबरोबर विचारलं.

लवंगीने सगळं सांगितलं. काही झाकलं नाही, मऊ केलं नाही. साहेबिणीचं बोलणं सांगितलं, ‘बाई’ सांगितलं, भास सांगितला. आई ऐकत होती आणि तिचा चेहरा कठीण होत होता; पण तो बाळवर नव्हे, लवंगीवर.

“तो असं म्हणणार नाही.”

“म्हणाला.”

“तूच काहीतरी टोचून बोलली असशील. तुझी जीभ म्हणजे सुरी. चारचौघांत त्याची शोभा केलीस, मग काय करेल तो?”

तेव्हा लवंगीचा बांध फुटला. “शोभा? माझी नोकरी जायची वेळ आलीय, आणि तुला त्याच्या शोभेची पडलीय? आई, तो वर्षातून एकदा फोन करतो. तुझं हगणं-मुतणं मी काढते. तुझी कूस बदलायला मी उठते. आणि तू बसलीयस बूट घालून त्याच्या वाटेकडे डोळे लावून! मी तुला कधी दिसलेच नाही का गं? या घरात मी कोण आहे, ते तरी सांग!”

 म्हातारीने खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि उठायला लागली. “चल,” ती म्हणाली. “मला तिथे ने. मी त्याच्याच तोंडून ऐकते.”

ती लेकीवर विश्वास ठेवून निघाली नव्हती. लेकीला खोटं पाडायला निघाली होती. लवंगीला ते स्वच्छ दिसत होतं, तरीही तिने टॅक्सी बोलावली. इतका राग असताना दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

टॅक्सी टेकाडावर चढली तेव्हा उन्हं उतरली होती. दर्शनी पायऱ्यांपाशी एक मोठी बस उभी होती आणि तिच्या पोटात बॅगा भरल्या जात होत्या. पायऱ्यांच्या तळाशी सोनेरी बटणांचा दारवान होता. लवंगीचा रोजचा ओळखीचा. तो पुढे झाला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “लवंगे, तू मागून ये. मला नोकरी टिकवायचीय.”

“मी आज कामावर नाही. मला घरी पाठवलंय.”

“सुट्टीच्या दिवशीही नाही. तुला माहितीय.”

“अरे,” म्हातारी मध्येच म्हणाली, “मी पाहुणी आहे. मला चालता येत नाही, म्हणून हिला धरलंय. पाहुण्याच्या काठीला तू मागच्या दाराने पाठवतोस का?”

 दारवान अर्धं पाऊल बाजूला झाला. म्हातारीला तेवढं पुरे होतं.

काठी! लवंगीने ते गिळलं आणि आईच्या काखेत हात घातला. पहिली पायरी. म्हातारीने ओठ दाताखाली धरला, पाय उचलला, टेकवला, दुसरा ओढून वर घेतला. थांबली. पुन्हा. मध्येच एका पायरीवर तिने बुटाचं टोक घासून बघितलं. “इथे कडा उडाली होती. साहेबाने मला विचारलं होतं, तू फोडलीस का म्हणून,” ती म्हणाली. मग पुन्हा पुढचा पाय. तिच्या बोटांची पकड लवंगीच्या दंडात रुतत होती.

निम्म्याच्या वर आल्या असतील, तेव्हा वरचं दार उघडलं आणि बिल्लेवाल्यांचा घोळका हसत-खिदळत बाहेर पडला. पुढे साहेबीण, तिच्या शेजारी बाळ.

बाळ जागच्या जागी थिजला. साहेबिणीने लवंगीला ओळखलं. “अय्या, या तर मघाच्या,” ती म्हणाली, “आणि या आजी कोण?”

आता काय करशील, लवंगीच्या मनात आलं. आता कुणाचा भास होईल तुला?

पण बाळ पत्ता कसा टाकायचा ते जाणून होता. क्षणभरच तो घुटमळला. मग दोन्ही हात पसरून झपझप खाली आला. “आई! अगं, मी तुझ्याकडेच यायला निघालो होतो! मॅडम, ही माझी आई.”

साहेबिणीचा चेहरा खुलला. “किती छान! आणि या?”

बाळने लवंगीकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती, लहानपणी बशी फोडल्यावर असायची तशी: ताई, सांगू नकोस ना. “या आईला सांभाळतात,” तो म्हणाला. “आईचं सगळं यांच्यावरच आहे.”

पुन्हा खरंच बोलला, मेला!

  लवंगीचा राग आयुष्यात पहिल्यांदाच इतका वर आला होता की तोंडात मावेना. तिने आईकडे पाहिलं. आई मुलाच्या तोंडाकडे बघत होती, अगदी जवळून, डोळे बारीक करून.

“चल आई,” बाळने हात पुढे केला. “म्हणालो होतो ना, पुढच्या दाराने नेईन म्हणून? धर माझा हात.”

समोर ती पायरी होती, तो हात होता, आणि तो बाळ होता. म्हातारीने आयुष्यभर मागितलेलं सगळं एका जागी आलं होतं. तिने लवंगीचा दंड सोडला. झालं, लवंगी मनात म्हणाली. धर त्याचा हात. धर आणि जा. मी उभी राहते इथे, काठी म्हणून.

म्हातारी कशाचाही आधार न घेता, डगमगत, क्षणभर एकटी उभी राहिली. तिने दोन्ही हात बाळच्या पुढे धरले आणि टाळी वाजवली. वाजली जेमतेम. मग तळवे उताणे करून त्याला दाखवले. मग पालथे करून दाखवले.

साहेबिणीला काही कळलं नाही. बाळलाही कळलं नाही. घरी राहिला असता तर कळलं असतं. तो हात तसाच पुढे धरून हसत राहिला. खाली दारवानाला मात्र कळलं, कारण कॅसिनोतल्या प्रत्येक नोकराला ती टाळी पाठ होती. त्याने मान खाली घातली.

म्हातारीने लवंगीचा दंड पुन्हा पकडला. “ही माझी लेक,” ती साहेबिणीला म्हणाली. “याची थोरली बहीण. एकाच पोटची.” मग बाळच्या हाताला वळसा घालून तिने पुढच्या पायरीवर पाय ठेवला. बाळ काहीतरी म्हणत होता, आई, अगं, ऐक ना, बस सुटेल आता. आणि साहेबीण त्याच्याकडे बघत होती. खालून हॉर्न वाजला. म्हातारीने मागे पाहिलं नाही. तिला पायऱ्यांवर लक्ष ठेवणं भाग होतं.

लवंगीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि ते सगळं रागाचं होतं. एवढंच वाक्य होतं ना गं? एवढंसं? त्याला इतकी वर्षं लागली? ते आज तिने विचारलं नाही. पण विचारणार होती, घरी गेल्यावर, नाड्या सोडताना.

“दार उघड रे!” म्हातारीने वरून दारवानाला हाक मारली, आणि तो दोन दोन पायऱ्या चढत आला आणि त्याने दार उघडून धरलं. उंबऱ्यावर म्हातारी थांबली. धापा टाकत तिने मागे वळून साऱ्या पायऱ्यांवरून एकदा नजर फिरवली.

“कोपरे तसेच सोडतात, मेले,” ती म्हणाली, आणि लेकीला घेऊन आत गेली.